मालक कोण, यापेक्षा काम कोणाचे झाले?

कामगार न्यायालयात एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की समोरच्या वकिलांनी फाईल उघडायच्या आधीच ते मला ऐकू येते. ‘पक्षकारांमध्ये मालक-नोकर असे नातेच अस्तित्वात नाही.’ लेखी कैफियतीचा पहिला परिच्छेद, पहिली प्राथमिक हरकत. मग पुढची दोन-चार वर्षे त्या एका हरकतीवर जातात. पगार किती थकला, माणसाला कामावरून का काढले, अपघात कुठे झाला, हे सगळे मुद्दे रांगेत मागे उभे राहतात. कंत्राटी सफाई कामगाराच्या खटल्यात हेच, कारखान्याच्या दारावरच्या सुरक्षा रक्षकाच्या खटल्यात हेच. आणि आता मोबाईलवरच्या अ‍ॅपवरून काम घेणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांच्या बाबतीत तर हरकत घ्यायलाही कोणी समोर येत नाही.

असाच एक तरुण माझ्याकडे आला होता. चारेक वर्षे घरोघरी जेवण पोहोचवत होता. पावसात गाडी घसरली, पाय मोडला, दोन महिने घरी बसला. परत कामाला लागायला गेला तर आयडी बंद. स्क्रीनवर एवढेच, की अटींचा भंग झाल्यामुळे खाते निष्क्रिय करण्यात आले आहे. कोणती अट, कधी मोडली, ते नाही. मदत केंद्राला लिहिले की तीच तीन साचेबद्ध वाक्ये परत येत. तो मला म्हणाला, “साहेब, नोटीस कोणाला पाठवायची ते तरी सांगा.” मी पंचवीस वर्षे नोटिसा पाठवतो आहे, आणि त्या दिवशी माझ्याकडे चटकन द्यायला उत्तर नव्हते. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. त्याच्या चार वर्षांच्या कामाचा सगळा पुरावा, म्हणजे किती तास काम केले, किती पैसे मिळाले, किती रेटिंग होते, हे त्या अ‍ॅपमध्ये होते. आयडी बंद झाला तेव्हा कामासोबत पुरावाही कुलपात गेला. हजेरीपत्रक जाळून टाकणारा मालक आम्ही जुन्या खटल्यांत पाहिला होता. इथे कोणाला काही जाळावेही लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. वकिलांच्या बैठकांत चर्चा बहुतेक तीन गोष्टींची चालते: वेतनाच्या व्याख्येतला ५० टक्क्यांचा नियम (भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा), कामगारकपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी लागणाऱ्या परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर जाणे, आणि मुदतीच्या कराराने घेतलेल्या कामगाराला एका वर्षातच ग्रॅच्युइटी. हे विषय महत्त्वाचे आहेतच, फी सुद्धा त्यातच आहे. पण माझ्या मते या सगळ्या बदलांत सर्वांत खोल जाणारा बदल सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, आणि त्याकडे आपल्या व्यवसायाचे पुरेसे लक्ष नाही. भारतीय केंद्रीय कायद्यात ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हे शब्द पहिल्यांदा आले आहेत, आणि आले आहेत ते असे, की ज्या नात्याच्या प्रश्नावर आपण अर्धे आयुष्य भांडत आलो तो प्रश्न बाजूला ठेवूनच. गिग कामगार कोण? जो पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करून कमावतो तो. म्हणजे नाते नाही हे व्याख्येतच मान्य, आणि तरीही अ‍ॅपचालक कंपनीवर देणे आहे.

हे पाऊल योग्य दिशेचे आहे असे मी मानतो. मात्र ते फार आखूड आहे. आणि ते किती लांब पडायला हवे होते हे शोधायला परदेशात जायची गरज नाही, कारण त्याचा नमुना महाराष्ट्रातच १९६९ साली, ओझी वाहणाऱ्या हमालांसाठीच्या माथाडी कायद्यात, तयार झाला आहे.

थोडे मागे जाऊ. नात्याची कसोटी किती भरवशाची आहे हे विडीच्या खटल्यांतून दिसते. नागपूरच्या एका विडी कारखान्यातले कामगार नगावर मजुरी घेत, यायला-जायला मोकळे होते. बिर्धीचंद शर्मा खटल्यात १९६०-६१ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार मानले, कारण काम कारखान्यातच करावे लागे आणि विडी पसंत पडली नाही तर मालक ती नाकारू शकत असे. त्यानंतर वर्षभराच्या आतच शंकर बालाजी वाजे खटला निकाली निघाला. तिथेही विड्या वळणारा, नगावर मजुरी, येण्या-जाण्याची सूट. बहुमताने निकाल दिला की हा कामगार नाही, न्या. सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. तंबाखू तोच, पान तेच, बोटे तशीच. एकाला भरपगारी रजा मिळते, दुसऱ्याला मिळत नाही.

हा गोंधळ न्यायालयाने सोडवला नाही, संसदेने सोडवला. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी कच्चा माल नेऊन विड्या वळणारी बाईसुद्धा कामगाराच्या व्याख्येत आणली. तिच्यावर देखरेख कोण करते, ती किती वाजता बसते, हा प्रश्नच उरला नाही. माल कोणाचा आणि विड्या कोणाच्या, एवढे पुरे झाले. कारखानदार अर्थातच न्यायालयात गेले, आणि १९७४ साली मंगलोर गणेश बीडी वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला.

न्यायालयांनी प्रयत्न केले नाहीत असे मी म्हणत नाही. धरांगध्रा केमिकल्सच्या १९५६ च्या निकालात मिठागरातले आगरिया स्वतःच्या हाताखाली माणसे लावत असूनही कामगार ठरले. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या निकालात शिंप्यांना वेळेचे बंधन नव्हते, तरी शिवलेला कपडा नापसंत करण्याचा हक्क दुकानदाराकडे होता आणि मशिनेही त्याची होती, म्हणून नाते मानले गेले. हुसेनभाई खटल्यात १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी कंत्राटदारांचे पडदे बाजूला सारून विचारले की कामगाराची रोजीरोटी, त्याचे कौशल्य आणि त्याचे काम चालू राहणे यावर आर्थिक ताबा कोणाचा आहे. आजच्या रायडरला ही कसोटी लावली तर उत्तर अवघड नाही. दर कंपनी ठरवते, ग्राहक कंपनी देते, तारे ग्राहक देतो पण शिक्षा कंपनी करते, आणि कामाचा दरवाजा एका बटणाने बंद होतो.

पण कसोटी चांगली असणे आणि ती लावून घ्यायला मंच मिळणे यांत फार अंतर आहे. महाराष्ट्रातल्या वकिलाला हे अंतर नेमके माहीत आहे. अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा आपला १९७१ चा कायदा हे आपले सर्वांत धारदार हत्यार. तातडीचा अंतरिम आदेश त्यातच मिळायचा. २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या दोन निकालांनी सांगितले की नातेच वादात असेल तर आधी ते दुसऱ्या मंचाकडून सिद्ध करून आणा, मग अनुचित प्रथेची (यूएलपी) तक्रार घेऊन या. त्या दिवसापासून ‘नाते नाही’ हा बचाव राहिला नाही, तो बंद दरवाजाच झाला. ज्याला आज संध्याकाळचा खर्च भागवायचा आहे त्याला आठ वर्षांनी सिद्ध होणाऱ्या नात्याचा काय उपयोग? मी अशा तक्रारी मागे घेतल्या आहेत. पक्षकार मरण पावल्यावर त्याच्या बायकोला वारस म्हणून दाखल केले आहे. हे लिहिताना मला बरे वाटत नाही.

आता माथाडी. मस्जिद बंदरच्या गोदामांत, लोखंड बाजारात, दाणा बंदरात डोक्यावरून ओझे वाहणारा माणूस दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उतरवायचा. त्याचा मालक कोण? व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही, टोळीचा आहे. टोळीचा मुकादम म्हणे, मी फक्त माणसे जमवतो. ट्रकवाला म्हणे, मी भाडे घेतो. मजुरीतून मुकादमाचा हिस्सा आधी कापला जाई. आजारपण, म्हातारपण, मोडलेला मणका, यांचा हिशोब कोणाकडेच नव्हता. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केले, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हाच प्रश्न लावून धरला, आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्याची करामत त्याच्या व्याख्येत आहे. तरुण वकिलांनी ती मूळ मजकुरातून वाचावी असे मला मनापासून वाटते. कामगार म्हणजे अनुसूचित (कायद्याला जोडलेल्या यादीतल्या) रोजगारात थेट किंवा कोणत्याही एजन्सीमार्फत अंगमेहनतीचे काम करणारी व्यक्ती, मजुरी मिळो वा न मिळो. एवढ्यावर व्याख्या थांबत नाही. मालकाने किंवा कंत्राटदाराने नोकरीस ठेवलेली नसलेली, पण त्याच्या परवानगीने किंवा त्याच्याशी झालेल्या कराराखाली काम करणारी व्यक्तीही तीत येते. ‘नोकरीस नाही, पण कराराखाली काम करते’ हे शब्द वाचून आजच्या कोणत्याही अ‍ॅपचा ‘डिलिव्हरी पार्टनर’ करार डोळ्यांसमोर आणा. कंपनीचे वकील ज्या वाक्याने स्वतःला कायद्याबाहेर काढतात, त्याच वाक्याने १९६९ च्या विधिमंडळाने माणसाला कायद्याच्या आत घेतले होते.

मग पैसा कसा फिरतो? व्यापारी मंडळाकडे नोंदणी करतो, माथाडीही करतो. मंडळ त्रिपक्षीय, म्हणजे मालकांचे, कामगारांचे आणि शासनाचे प्रतिनिधी. काम झाले की व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्याने लेव्ही भरतो. मजुरी मंडळ कामगाराला देते, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार. दिवसात दहा व्यापाऱ्यांकडे काम केले तर दहाही जणांकडून त्या त्या कामापुरती लेव्ही येते आणि एका खात्यात जमते. कोणीही एक ‘मालक’ शोधावा लागत नाही. देणे नात्याला चिकटलेले नाही, ते कामाला चिकटलेले आहे. १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठीही याच धर्तीवर मंडळ आले, म्हणजे हा साचा एका बाजारापुरता नव्हता.

हाच मुद्दा मला मांडायचा आहे. एकाच वेळी तीन अ‍ॅप चालू ठेवून काम घेणारा रायडर हा आपल्याला नवा, अवघड, कायद्यात न बसणारा प्राणी वाटतो. तो आपल्या बाजारात साठ वर्षांपूर्वीही उभा होता, पाटी घेऊन. मुकादमाच्या जागी अल्गोरिदम आला, एवढा फरक. काम कोणाला द्यायचे, कोणाला बसवून ठेवायचे, किती कापून घ्यायचे, ही मुकादमाची तिन्ही कामे आता संगणकाचा हिशोब करतो.

सामाजिक सुरक्षा संहितेने या साच्याचा एक तुकडा उचलला. अ‍ॅपचालकाने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची, पण ती गिग कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. संहितेच्या सातव्या अनुसूचीत प्रवासी वाहतूक, खाद्यपदार्थ व किराणा पोहोचवणे, मालवाहतूक, आरोग्यसेवा अशा नऊ प्रकारच्या अ‍ॅपचालकांची यादी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या मसुदा नियमांत पात्रतेसाठी वर्षात एका अ‍ॅपवर ९० दिवस किंवा अनेक अ‍ॅप मिळून १२० दिवस काम अशी अट सुचवली आहे. निदान दिवस मोजण्यात तरी अनेक अ‍ॅपचे काम एकत्र धरले गेले, हे चांगले.

पण रकमेचा हिशोब करून पाहा. महिन्याला २०,००० रुपये मिळवणारा माणूस घ्या. तो नोकर असेल आणि सगळी रक्कम वेतन धरली, तर मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये. कर्मचारी राज्य विमा योजनेचे ३.२५ टक्के म्हणजे ६५० रुपये. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांची, महिन्याला विभागली तर साधारण ९६० रुपये. एकूण सुमारे ३,४०० रुपये. तोच माणूस ‘गिग’ असेल तर जास्तीत जास्त १,००० रुपये, आणि तेही त्याच्या नावावर नाहीत, निधीत. बोनस, रजा, जादा कामाचा दुप्पट दर यांचा तर हिशोबच धरलेला नाही. कायद्यानेच एका बाजूला ३,४०० आणि दुसऱ्या बाजूला १,००० अशी किंमत लिहिली, की प्रत्येक कंपनीचा सल्लागार काय सल्ला देईल हे सांगायला नको. आज कुरियरची पोरे गिग झाली, उद्या दुकानातला सेल्समन, परवा हॉस्पिटलमधली नर्स. आरोग्यसेवा तर सातव्या अनुसूचीत आधीच आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला होता. त्यातली किती वाढ नव्या कामाची आणि किती जुन्याच नोकऱ्यांनी कपडे बदलल्याची, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

पैशापेक्षाही मोठी उणीव दुसरी आहे. संहितेने निधी दिला, पण मंच दिला नाही. औद्योगिक संबंध संहितेतल्या ‘कामगारा’च्या व्याख्येत गिग कामगार नाही. त्यामुळे त्याची संघटना वाटाघाटीची संघटना होऊ शकत नाही, त्याचा आयडी बंद होणे हे कायद्याच्या भाषेत ‘काढून टाकणे’ ठरत नाही. वेतन संहितेतले किमान वेतनही त्याला लागू होत नाही. २०२५ च्या डिसेंबरात, २५ आणि ३१ तारखेला, देशभरातल्या रायडरांनी काम बंद ठेवले तेव्हा त्यांच्या मागण्यांत दर, दहा मिनिटांत माल पोहोचवण्याची घाई आणि विनाकारण आयडी बंद करणे याच गोष्टी पुढे होत्या. विमा त्यांना हवाच आहे. पण आधी त्यांना कोणाशी तरी बोलायचे होते.

इथे कर्नाटकाचा २०२५ चा कायदा दोन पावले पुढे गेला आहे. कल्याण शुल्क दर व्यवहारावर, कामगाराला दिलेल्या रकमेच्या १ ते ५ टक्के. उलाढालीवर नाही, व्यवहारावर. म्हणजे माथाडी लेव्हीच्या जवळ. काम बंद करायचे तर १४ दिवसांची नोटीस आणि लेखी कारणे. स्वयंचलित यंत्रणा काम कशी वाटते, पैसे कसे ठरवते, याची माहिती कामगाराला कळेल अशा भाषेत मागण्याचा हक्क. त्याआधी २०२३ मध्ये राजस्थानने देशातला असा पहिला कायदा केला, त्यातही कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद होईल अशी यंत्रणा ही कल्पना होती. दोन्ही कायद्यांत मला माथाडी मंडळाची सावली दिसते. सावली दुसऱ्या राज्यांत पडली, मूळ झाडाचे राज्य मात्र मागे राहिले, याची महाराष्ट्रातला वकील म्हणून मला खंत आहे.

परदेशांत काय चालले आहे तेही या प्रकाशात पाहावे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबर चालकांच्या खटल्यात कामगार ठरवताना सुरुवात कराराच्या कागदापासून करू नका, कायद्याच्या हेतूपासून करा, असे बजावले. कायदा ज्या दुबळ्या बाजूच्या रक्षणासाठी आहे, तिच्याविरुद्ध सबळ बाजूने लिहिलेला कागदच प्रमाण कसा मानायचा, हा युक्तिवाद आपल्या न्यायालयांत आपण पुरेसा केलेला नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाने नात्याचे गृहीतक उलटे केले: नियंत्रण दिसले तर नाते आहे असे धरले जाईल, नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. सदस्य देशांना ते २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात उतरवायचे आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उबरच्या करारातली नेदरलँड्समध्ये लवादाला जाण्याची अट रद्दबातल ठरवली, कारण नुसती प्रक्रिया सुरू करायलाच चालकाला सुमारे १४,५०० अमेरिकी डॉलर भरावे लागणार होते. हे सगळे महत्त्वाचे आहे. पण यातही बहुतांश शक्ती नाते शोधण्यातच खर्च झाली आहे. गृहीतक उलटे केले तरी भांडण नात्याचेच राहते. माथाडी कायदा त्या भांडणाच्या पलीकडे गेला होता.

या मांडणीवर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि दोन्ही मला हलके वाटत नाहीत.

पहिला, रायडरांनाच स्वातंत्र्य हवे आहे. खरे आहे. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या कित्येकांना आठ तासांची हजेरी नको आहे. कोणी सकाळी शिकतो, कोणी गावी शेतीच्या दिवसांत परत जातो. म्हणून तर मी त्यांना नोकर ठरवा असे म्हणत नाही. माथाडीच्या टोळीलाही कोणी घड्याळाने बांधले नव्हते. स्वातंत्र्य आणि म्हातारपणीचा निधी यांतले एकच निवडा, ही अट घातली कोणी?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. माथाडीच्या नावाने खंडणी चालते, असे उद्योजक म्हणतात. बोगस संघटना, न केलेल्या कामाचे पैसे, गेट अडवणे. हे घडले आहे, आणि ज्यांनी ओझी वाहिली त्यांच्या नावाला त्यामुळे डाग लागला आहे. मंडळांवरच्या नेमणुका रखडणे, नोंदणीत दिरंगाई हेही आपण पाहिले आहे. त्यामुळे मी मंडळाचा साचा जसाच्या तसा उचला असे म्हणणार नाही. पण खंडणीला जागा कुठे मिळाली ते बघा. काम रोख, नोंद कागदावर, कोणी किती पोती उतरवली याचा साक्षीदार कोणी नाही. अ‍ॅपच्या कामात हा अंधारच नाही. प्रत्येक फेरी, प्रत्येक रुपया, प्रत्येक मिनिट आधीच नोंदलेले आहे. ग्राहकाने पैसे दिले त्याच क्षणी लेव्ही वळती होऊ शकते, मध्ये हात पसरायला माणूसच लागत नाही. १९६९ ला जे अवघड होते ते आज तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, फक्त ते दुसऱ्या बाजूच्या हातात आहे.

खर्च वाढेल, हा तिसरा मुद्दा लोक मांडतात. वाढेल. आज तो खर्च रायडरच्या मोडलेल्या पायाने उचलला जातो, आणि त्या रकमेची पावती निघत नाही.

राज्याने स्वतंत्र कायदा करावा, हे मी स्पष्ट म्हणतो. कामगार कल्याण, सामाजिक सुरक्षा आणि औद्योगिक विवाद हे समवर्ती सूचीतले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येईल असे, विषय आहेत. केंद्रीय संहितेशी विसंगती येईल तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४ खाली राष्ट्रपतींची संमती घेता येते, आपला १९७१ चा कायदा याच वाटेने टिकला. त्या कायद्यात व्याख्या माथाडीची घ्यावी, शुल्क व्यवहारावर घ्यावे, आणि आयडी बंद करण्याआधी कारण व सुनावणी, तसेच तालुक्याच्या ठिकाणी पोहोचता येईल असा एक मंच ठेवावा. तो मंच नसेल तर बाकी सगळे कागदावर राहील.

पण कायदा येईपर्यंत आपण, या व्यवसायातली माणसे, हात बांधून बसायचे नाही. मी माझ्या पक्षकारांना आता पहिल्या भेटीतच सांगतो, की अ‍ॅप चालू आहे तोवर दर आठवड्याचे पेआउट, कामाचे तास, रेटिंग आणि आलेले संदेश साठवून ठेवा, बँकेचे विवरण काढून ठेवा, असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, द्यावी लागते. नुसते स्क्रीनशॉट जोडून आलेल्या तक्रारी पुढे याच कारणावर अडकतील. वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. स्वतःबद्दलची माहिती मागण्याचा हक्क त्यात आहे, आणि ज्याचा आयडी बंद झाला त्याच्यासाठी तो मोठा आधार ठरू शकतो. तक्रारीत दोन्ही बाजू मांडा: नाते आहे, हुसेनभाईच्या कसोटीवर आहे, आणि पर्यायाने, नाते नाही असे धरले तरी संहितेखालचे देणे आहे. एकच बाजू मांडून दरवाजातच हरू नका.

कंपन्यांचे काम पाहणाऱ्या मित्रांनाही मी एक सांगतो. कर्नाटकाची नोटीस आणि कारणांची अट तिथपुरती राहणार नाही. आजच करारात सुनावणीचा टप्पा घाला, निर्णय माणसाने तपासला याची नोंद ठेवा. उद्या उलटतपासणीत ‘आयडी कोणी बंद केला?’ असा प्रश्न आला आणि साक्षीदार ‘यंत्रणेने’ एवढेच म्हणाला, तर ते उत्तर कोणत्याही न्यायाधीशासमोर टिकणार नाही.

त्या तरुणाच्या प्रकरणात आम्ही नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला. उत्तर आले नाही. एके सकाळी त्याचा आयडी आपोआप चालू झाला आणि तो कामाला निघून गेला. आयडी का बंद होता, कोणी चालू केला, हे त्याला किंवा मला आजतागायत कळलेले नाही. अर्ज मी मागे घेतलेला नाही. पुढच्या तारखेला नात्याची हरकत येईल, आणि त्या हरकतीच्या उत्तराला मी या वेळी १९६९ च्या कायद्यातली ती व्याख्या जोडणार आहे.